खालून पाहिलेली गाडी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. पुणे स्टेशनाच्या फलाटाचं टोक, जिथे छप्पर संपतं आणि आषाढातला पाऊस सुरू होतो. तिथे दोन माणसं रुळांच्या दोन बाजूंना उकिडवी बसली आहेत. एक फलाटाच्या कडेला, एक पलीकडे खडीवर. अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, हातात बॅटरी. लांबून हॉर्न ऐकू येतो. फलाटावर धावपळ सुरू होते, कुली उठतात, न्यायला आलेली माणसं मान उंच करून डब्यांचे नंबर वाचायला तयार होतात. सगळं फलाट वर बघतंय आणि ही दोघं तेवढी खाली.

परवानगीचं पत्र खिशात ठेवून मी फलाटाकडच्या तरुणाशेजारी बसतो. तिशीचा, लातूरकडचा. मी काहीतरी विचारायला तोंड उघडतो तर तो हात वर करतो. "आता बोलू नका. ऐका."

इंजिन पुढून निघून जातं. मग डबे. बॅटरीचा झोत त्याने एका जागी धरून ठेवला आहे आणि चाकं त्या उजेडात एकामागून एक येऊन जातात, जणू हजेरी लावतायत. मला एकच सलग खडखडाट ऐकू येतो. त्याचे ओठ हलतायत, तो डबे मोजतोय. मध्येच त्याची मान किंचित वळते, झोत मात्र हलत नाही. शेवटचा डबा जातो आणि तो पलीकडच्या जोडीदाराकडे बघून हाताची दहा बोटं दाखवतो, वर एक. पलीकडून मान हलते.

"अकरावा. मागची ट्रॉली. ऐकलंत का?"

मला काहीच ऐकू आलेलं नाही, आणि मी ते कबूल करतो.

"टक् टक् टक् येत होतं. चाक सपाट झालंय." तो फोन काढून घोरपडीच्या डेपोला कळवतो. चार शब्दांत. मग एक छोटी बंदुकीसारखी वस्तू घेऊन तो डब्यांच्या कडेने चालू लागतो. चाकाच्या धुऱ्याच्या टोकाला जी पेटी असते, तिच्यात बेअरिंग असतं. ते बिघडू लागलं की पहिल्यांदा तापतं, म्हणून गाडी थांबल्या थांबल्या प्रत्येक पेटीचं तापमान घ्यायचं. बंदूक आकडा दाखवते, तरी चार-दोन पेट्यांपाशी हा आपला पालथा हात जवळ नेतोच. मी त्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर जरा ओशाळतो. "सवय हो. वस्तादांनी असंच शिकवलं."

याला 'रोलिंग इन' म्हणतात. दीड-एक हजार किलोमीटर धावून आलेली गाडी थांबायच्या आत, ती चालत असतानाच तिची नाडी बघायची. लोंबणारं काही आहे का, घासणारं काही आहे का, कुठे जळका वास येतोय का. उभ्या गाडीत जे लपतं ते चालत्या गाडीत आवाज करतं. तेवढ्यात एक गृहस्थ ट्रॉलीबॅग ओढत येतात आणि विचारतात, "अहो, एस-फाइव्ह बोगी कुठे?" तरुण बोट दाखवतो. ते गेल्यावर मला म्हणतो, "बोगी म्हणजे आमच्याकडं ही," आणि खाली चाकांच्या सांगाड्याकडे दाखवतो. चार चाकं, दोन धुरे, स्प्रिंगा, ब्रेक, हे सगळं मिळून जी चौकट होते ती बोगी, बोलण्यात ट्रॉली. डब्याखाली अशा दोन. आपण पिढ्यान्‌पिढ्या बोगीत बसून प्रवास करतोय असं समजतो. खरं तर बसतो डब्यात.

*

घोरपडीचा कोचिंग डेपो स्टेशनापासून लांब नाही, पण रिकामी गाडी तिथे पोचेपर्यंत साडेआठ होतात. पाऊस थांबून थांबून येतोय. पिट लाइन म्हणजे रुळांखाली खणलेली लांबच लांब नाली. दोन रुळांच्या मध्ये एक, बाहेरच्या बाजूंनाही खोलगट वाट. माणूस आत उभा राहिला की गाडीचं पोट त्याच्या डोक्यावर येतं. 22 डबे, प्रत्येकी साधारण 24 मीटर. म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून लांब पोट.

गाडी उभी राहते, इंजिन सुटून निघून जातं, तरी कोणी खाली उतरत नाही. आधी दोन माणसं दोन टोकांना जातात. रुळावर लोखंडी अडसर बसवतात, त्याला कुलूप लावतात, शेजारी लाल झेंडा रोवतात. किल्ली येऊन ज्युनिअर इंजिनिअर मॅडमच्या हातात पडते. त्या ती ॲप्रनच्या खिशात टाकून वरून चेन ओढतात. मॅडम अमरावतीच्या, वय फार तर तीस. "माणसं खाली असताना इथे एक इंजिनसुद्धा चुकून यायला नको. किल्ली माझ्याकडे, म्हणजे लाइन माझी." मग शिट्टी होते आणि एका वेळी पंधरा-वीस माणसं गाडीखाली नाहीशी होतात.

मलाही उतरायला सांगतात. पायऱ्या निसरड्या. खाली घोटाभर पाणी, त्यावर तेलाचे इंद्रधनुषी तवंग. वास तीन प्रकारचा: ग्रीस, ओलं लोखंड, आणि तिसरा, ज्याच्याबद्दल पुढे बोलावंच लागेल.

माझ्या पुढे मामा. सिनियर टेक्निशियन हे पदाचं नाव. डेपोत लहानमोठे सगळे त्यांना मामाच म्हणतात, मॅडमसुद्धा. निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात लांब दांड्याची हातोडी. चालताना ते वर बघत नाहीत असं वाटतं, पण हातोडी आपोआप वर जाते, टण् करते, खाली येते. कुठे स्प्रिंगला, कुठे बोल्टला. चांगल्या लोखंडाचा नाद मोकळा येतो, तडा गेलेला भाग दबकं बोलतो. मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसंच.

"हे नवं डबं आता लई बोलत न्हाईत," मामा म्हणतात. "जुनं डबं बोलायचं."

नवे म्हणजे एलएचबी. जर्मन आराखड्याचे, स्टेनलेस स्टीलचे. जुने निळे आयसीएफ डबे चेन्नईच्या कारखान्यात 2018 पर्यंत बनत होते, मग ती बनावट थांबली. जुन्या डब्यात ब्रेक म्हणजे चाकाच्या पाठीवर येऊन दाबणारे ठोकळे. नव्यात चाकाला कोणी हात लावत नाही. धुऱ्यावर दोन गोल तबकड्या बसवलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंनी पॅड येऊन त्या तबकड्यांना चिमटीत पकडतात, मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकसारखं. मामा बॅटरीच्या उजेडात प्रत्येक पॅडची जाडी बघत चाललेत. नवा पॅड 35 मिलिमीटरचा. झिजलेला दिसला की खडूने खूण, मागून येणारा पोरगा तो काढून नवा बसवतो. जुना पॅड पाण्यात पडताना डुबुक्‌ असा आवाज होतो आणि मामा न वळता ओरडतात, "उचल रे त्यो!"

नट-बोल्टांवर पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढलेली दिसते. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या पट्टीवर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. हातोडीच्या नादापेक्षा ही युक्ती मला जास्त आवडते. तिला वस्ताद लागत नाही, रेघ जुळतेय की नाही एवढं तर कोणीही सांगेल. मामांना मात्र ती फारशी पसंत नसावी. रेघ जुळलेली दिसली तरी ते एक टण् करतातच.

*

अकराव्या डब्याखाली मॅडम आमच्या आधीच येऊन उभ्या आहेत. सकाळच्या फोनची नोंद त्यांच्या वहीत आहे. मागच्या ट्रॉलीचं चाक कापडाने पुसून झालंय, पण दोष दिसत नाही. जो भाग सपाट झालाय तो नेमका रुळावर टेकलेला असणार. पहारीने डबा एक वीतभर सरकवावा लागतो. चार माणसं, "हां… हां…", आणि 40 टनांचा डबा खरोखर सरकतो. बेअरिंगची करामत आहे, ढकलणाऱ्यांची तेवढी नाही, असं मामा सांगतात.

आणि मग दिसतं ते चकाकणारं, लंबगोल, आरशासारखं. अंगठ्याने झाकता येईल एवढं. पलीकडच्या चाकावर त्याच जागी त्याचं जुळं भावंड. धुरा एकच, दोन्ही चाकं त्याला घट्ट बसवलेली, त्यामुळे एक घासलं की दुसरं घासणारच. मॅडम पट्टी लावतात.

"बेचाळीस."

डब्याच्या चाकाला मर्यादा 50 मिलिमीटरची. मालगाडीच्या वाघिणीला 60. म्हणजे हे चाक नियमात बसतं. या एवढ्याशा चकाकीचा आवाज सकाळी त्या लातूरच्या पोराने शेकडो चाकांच्या गोंगाटात वेगळा काढला होता. मोजून सांगायचं तर 22 डब्यांची 176 चाकं.

चाक सपाट होतं ते ब्रेक लागताना. पाऊस पडतोय, रूळ ओला, ब्रेकने धुऱ्याला धरलं की चाक फिरायचं थांबतं आणि रुळावरून नुसतं घसरत जातं. जिथे टेकलंय तिथे घासतं. एलएचबी डब्यात हे होऊ नये म्हणून प्रत्येक धुऱ्याला वेग मोजणारा सेन्सर असतो. एक धुरा बाकीच्यांपेक्षा हळू फिरायला लागला की यंत्रणा त्या धुऱ्याच्या ब्रेकमधली हवा क्षणभर सोडून देते, चाक पुन्हा फिरू लागतं, मग पुन्हा धरते. मग इथे तसं का झालं नाही?

मॅडम डब्यात चढतात, मी मागोमाग. दाराजवळचं कपाट उघडतात. आत छोटासा पडदा, त्यावर दोन आकडी संख्या. "सगळं ठीक असेल तर इथे 99 दिसायला पाहिजे." दिसत नाही. खाली पुन्हा पाण्यात. सेन्सरची वायर जिथे पेटीत शिरते तिथे मामा बोट फिरवतात आणि थांबतात. वायरचं वरचं कवच फाटलंय, आतली तार उघडी. रुळांवरची खडी उडून लागली असेल किंवा कुठे घासली असेल. एक धुरा आंधळा झाला होता, एवढंच.

वायर बदलायला वीस मिनिटं लागतात. पडद्यावर 99 येतात. आणि तरी प्रश्न तसाच राहतो, कारण सपाट झालेलं चाक वायर बदलून गोल होत नाही.

"नियमात बसतंय," एक जण म्हणतो.

मामा काही बोलत नाहीत. हातोडीचा दांडा पुसत उभे राहतात.

मॅडम वहीत बघतात, फोन लावतात. आषाढीच्या जादा गाड्यांना जास्तीचे डबे गेलेत, हे मला सकाळपासून चार जणांनी सांगितलंय. पण याच वर्गाचा एक डबा सिक लाइनवरून आज सकाळीच 'फिट' होऊन आलाय. मॅडम निर्णय देतात: अकरावा डबा काढायचा.

रेल्वेची ही भाषा मला फार आवडते. बिघडलेला डबा 'सिक' होतो, त्याला 'सिक लाइन'वर नेतात, बरा झाला की 'फिट' देतात. तिथे जॅकवर अख्खा डबा उचलून खालची ट्रॉली काढून दुसरी घालतात, आणि काढलेलं चाक लेथवर जातं. तिथे ते तासून गोल करतात. जोडीचं चाकही तेवढंच तासायचं, नाहीतर दोघांचा व्यास जुळणार नाही. एलएचबीचं नवं चाक 915 मिलिमीटर व्यासाचं, 845 च्या खाली गेलं की मोडीत. म्हणजे चाकाचं सगळं आयुष्य या 70 मिलिमीटरांत. लाखो किलोमीटर धावायचं, मध्ये मध्ये तासून घ्यायचं, आणि 70 संपले की संपलं.

मी मॅडमना विचारतो, "तो फिट डबा नसता मिळाला तर?"

त्या लिहीत असतात. वर न बघता म्हणतात, "नियमात बसतंय. पाठवला असता. पुढच्या खेपेला मोजला असता." मग थोड्या वेळाने, "खोटं कशाला सांगू."

*

डबा काढायचा म्हणजे शंटिंगचं इंजिन हवं, म्हणजे सगळी माणसं बाहेर, सगळ्यांची मोजणी, झेंडे आणि कुलपं काढणं, आणि नंतर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तासभर तरी जाणार. चहा येतो.

शेडच्या पत्र्यावर पाऊस जोर धरतो. शेजारच्या लाइनवरून एक मालगाडी जाते, उघड्या वाघिणींची, संपता संपत नाही. आमच्यातला एक जण आधी दौंडकडे मालगाड्यांवर होता. तो सांगतो, "तिकडं पिट-बिट काही नाही. यार्डात उभ्या गाडीखाली वाकायचं, खडीवर गुडघे टेकायचे. उन्हाळ्यात लोखंडाला हात लावता येत नाही. आणि वाघिणीत बसलेला कोळसा तक्रार करत नाही, त्यामुळे आमच्याकडं कोणी परवानगीपत्र घेऊन येत नाही." सगळे हसतात. मीही हसतो, पण मला ते लागतं. डब्यांवर लिहायला मी आलो. वाघिणींवर लिहायला कोणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही, मी स्वतः तर गेलेलोच नाही. आणि घराघरांतला दिवा मात्र ज्या कोळशावर लागतो तो त्यांतूनच येतो.

मामांना आषाढीच्या गाड्यांचा विषय निघाल्यावर कुर्डुवाडी आठवते. त्यांची सुरुवात तिथल्या वर्कशॉपात, खलाशी म्हणून. बार्शी लाइट रेल्वेचा तो जुना कारखाना, अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीचा. "आषाढीला पंढरपूरची गाडी म्हंजे डबं दिसायचं न्हाईत, मान्संच दिसायची. टपावर, दारात, जोडावर. आमी खालनं स्प्रिंगा बघायचो, पार बसलेल्या. वस्ताद म्हनायचे, विठ्ठलाचं वझं हाय, घेतील त्या." त्यांना आता नॅरोगेज आठवतो तो आवाजावरून. चाक छोटं, म्हणून ठोका लवकर लवकर पडायचा. बोटांनी ते चहाच्या ग्लासावर वाजवून दाखवतात.

*

तिसऱ्या वासाकडे आता वळतो. बाराव्या डब्याखाली दोन माणसं गमबूट, हातमोजे आणि मास्क घालून एका स्टीलच्या टाकीशी झटतायत. हे बायोटॉयलेट. पूर्वी सगळं थेट रुळांवर पडायचं, आणि त्याने रूळ गंजायचे, खाली काम करणाऱ्यांचं काय व्हायचं ते विचारूच नका. डीआरडीओच्या मदतीने रेल्वेने ही टाकी बसवली. तिच्यात जिवाणू असतात, ते हवेशिवाय जगतात, मैला खाऊन त्याचं पाणी आणि वायू करतात. आता देशभरातल्या डब्यांखाली त्या टाक्या आहेत. विचार उत्तम आहे. अडचण अशी की जिवाणू मैला खातात, प्लास्टिक खात नाहीत.

झाकण उघडतं. मी मागे सरकतो, ती दोघं सरकत नाहीत. आकड्याने ते एकेक वस्तू बाहेर काढतात आणि बादलीत टाकतात: पाण्याची बाटली, चपटी केलेली; गुटख्याच्या पुड्यांची माळ; लहान मुलाचा डायपर; चहाचे कागदी कप; एक मोजा. मोजा का, हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर असावा. "मोबाइलबी निघतो कधी," त्यांतला एक म्हणतो. "फोन करून बघतात लोक. टाकीत वाजतो."

डब्यात 'कचरा शौचकूपात टाकू नये' असं मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहिलेलं असतं. तीन भाषांत न वाचता येण्याची आपली तयारी दांडगी आहे. माणसाने माणसाची घाण हाताने काढू नये म्हणून ही टाकी आली. आणि आपण तिच्यात बाटली टाकून त्याच माणसाला पुन्हा तिथेच उभं करतो. याबद्दल मला सौम्य शब्दांत लिहिता येत नाही, म्हणून इथेच थांबतो.

वर डब्यांत काय चाललंय तेही धावतं बघून घेतो. फरशी यंत्राने घासली जातेय, टाक्यांत पाणी भरलं जातंय, उशा-चादरींची बोचकी चढतायत, वीजवाले पंखे-दिवे-एसी बघतायत, एक जण उंदरांसाठी चिकट पुठ्ठे ठेवतोय. प्रवाशाची तक्रार येते ती बहुतेक या वरच्या मजल्याबद्दल. खालच्या मजल्याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. तिथलं काही चुकलं तर ती तक्रार राहत नाही, बातमी होते.

*

बाराच्या सुमारास नवा अकरावा डबा जागेवर लागतो. दोन डबे जवळ येतात, कपलरच्या मुठी एकमेकींत शिरतात, खट्. पुन्हा कुलपं, पुन्हा झेंडे, पुन्हा किल्ली मॅडमच्या खिशात. आता मुख्य परीक्षा.

गाडीच्या एका टोकाला हवेचं यंत्र जोडतात. प्रत्येक दोन डब्यांमध्ये दोन रबरी पाइप जोडलेले असतात: हिरव्या खुणेचा ब्रेक पाइप, पांढऱ्या खुणेचा फीड पाइप. पहिल्यात 5 किलोचा दाब, दुसऱ्यात 6. हे 'किलो' म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे. सुयांची घड्याळं हळूहळू चढू लागतात आणि अर्धा किलोमीटर लांब गाडीतून एक बारीक सुस्कारा जातो.

माझी आजवरची समजूत अशी की ड्रायव्हर हवा सोडतो आणि हवेने ब्रेक लागतो. मामा मान हलवतात. "उलटं हाय. हवा हाय तवर गाडी मोकळी. हवा गेली की गाडीनं धरलं."

प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतःची टाकी आहे आणि तिच्यापाशी एक झडप. झडपेची नजर सतत ब्रेक पाइपवर. पाइपातला दाब पाच किलो आहे तोवर ती स्वस्थ. दाब घसरला की ती टाकीतली हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये सोडते आणि ब्रेक लागतो. ड्रायव्हर ब्रेक लावतो म्हणजे पाइपातली हवा थोडी कमी करतो. आणि समजा धावताना गाडी मध्येच तुटली, दोन तुकडे झाले, पाइप फाटला, तर दोन्ही तुकडे कोणी न सांगता आपापले थांबतात. ही युक्ती अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसची, 1872 सालची. आपल्याकडे बरीच वर्षं निर्वात ब्रेक चालले, तिथेही तर्क हाच होता: पोकळी टिकली तर चाक मोकळं. म्हणजे बिघडलेल्या गाडीने थांबायचं, असं तिच्या पोटातच लिहून ठेवलंय. मी पिटमध्ये उभा राहून वर बघतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की धावणं हा गाडीचा धर्म आणि थांबणं हे काम.

सुया पाच आणि सहावर स्थिर होतात. हवा बंद करून मॅडम घड्याळाकडे बघतात. गळती मोजायची. एका मिनिटात 0.2 किलोपेक्षा जास्त उतरायला नको. कोणी बोलत नाही. पावसाचा आवाज तेवढा. सुई जागची हलत नाही असं मला वाटतं, पण मॅडम पाच मिनिटं बघत राहतात आणि मगच लिहितात.

मग ब्रेक लावतात. प्रत्येक डब्याच्या बाजूला एक छोटी खिडकी असते. ब्रेक सुटलेला असेल तर हिरवी, लागला की लाल. गाडीच्या दोन्ही अंगांनी माणसं चालू लागतात आणि आरोळ्या उठतात.

"एक धरला!"

"दोन धरला!"

बावीसपर्यंत. मग हवा परत भरतात आणि परतीच्या आरोळ्या.

"बावीस सोडला!"

"एकवीस सोडला!"

यात एक ताल येतो. पालखीपुढच्या दिंडीची आठवण होते, म्हणायचं एकाने आणि धरायचं पुढच्याने. अकराव्याला मी कान देऊन असतो. "अकरा सोडला!" इतरांसारखाच, काही वेगळं नाही.

राहिली साखळी. प्रत्येक डब्यात एक जण चढतो, साखळी ओढतो, बाहेर फुस्स आवाज येतो, मग दुसरा चावीने ती पूर्ववत करतो. साखळी ओढल्याने ड्रायव्हरकडे नुसती घंटा वाजते असं मला लहानपणी वाटायचं. प्रत्यक्षात ती ब्रेक पाइपातली हवा बाहेर सोडते, म्हणजे ओढणारा स्वतःच थोडा ब्रेक लावत असतो. विनाकारण ओढली तर 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 141 व्या कलमाखाली वर्षापर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साखळी तपासणारा पोरगा मात्र आज बेधडक ओढत सुटलाय, 22 डब्यांतल्या सगळ्या. चेहऱ्यावर लहानपणची हौस फिटल्याचा आनंद स्पष्ट दिसतो.

दोन वाजतात. मामांची पाळी संपते. ते हातोडी पुसून कपाटात ठेवतात, साबणाने कोपरापर्यंत हात धुतात, डबा घेऊन सायकलीकडे जातात. मॅडम टेबलावर एक छापील फॉर्म ओढतात. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. सकाळी हा कागद कोरा होता. आता त्यावर डब्यांची संख्या, दाब, तारीख, आणि ब्रेक पॉवर: 100 टक्के. 22 पैकी एकाही डब्याचा ब्रेक बंद नाही. 42 मिलिमीटरचा कुठे उल्लेख नाही. तो डबाच या कागदावर नाही. खाली सही.

*

संध्याकाळी पुन्हा तेच फलाट. गाडी लागली आहे. पुढे इंजिन जोडलंय, दाब पुन्हा तपासलाय, शेवटच्या डब्यातल्या घड्याळातही. कागदाची एक प्रत ड्रायव्हरकडे, एक गार्डकडे. (हल्ली त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं, 2022 पासून. फलाटावर सगळे गार्डच म्हणतात.) ड्रायव्हर चष्मा वर सरकवून कागद वाचतो. खरंच वाचतो, ओळीवर बोट ठेवून, मग सही करतो. गाडीखालून तो एकदाही गेलेला नाही.

अकराव्या डब्यात मंडळी स्थिरावली आहेत. सामान बाकाखाली, पुरीभाजीचा डबा उघडलेला. एक मुलगा खिडकीला नाक लावून बसलाय. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर शेवटची मोठी दुरुस्ती कधी आणि कुठे झाली, पुढची कधी, ते लिहिलेलं आहे. बाजूला नंबर, ज्याचे पहिले दोन आकडे म्हणजे डबा बनल्याचं साल. आता मला ते वाचता येतं. माझ्या मागून चढणारा माणूस वैतागून म्हणतो, "चढताय का?"

मी उतरून टोकाला जातो. तिथे दुसऱ्या पाळीचा तरुण बसलाय, अगदी सकाळच्या जागी, तसाच उकिडवा. मी शेजारी बसतो. या वेळी तो काही सांगत नाही, मीच गप्प राहतो.

सिग्नल होतो. गाडी हलते, आधी आवाजच येत नाही, मग येतो. झोत एका जागी. चाकं हजेरी लावत जातात. मी ओठ न हलवता मोजतो. नऊ. दहा. अकरा.

काही ऐकू येत नाही. मी त्याच्याकडे बघतो. त्याची मान हललेली नाही. बारा. तेरा.

शेवटच्या डब्याचा लाल दिवा पावसात बारीक होत जातो. तरुण उठतो, गुडघे झटकतो, घड्याळ बघतो. "चला, पाचवर येतीय एक," म्हणतो आणि पुलाकडे पळत सुटतो.